कोष्टकातील हरवलेला आकडा : आर्यभटापासून गणेश दैवज्ञांपर्यंत

१/
ताडपत्रावर लिहिलेले एक कोष्टक आहे. त्यात चोवीस आकडे आहेत आणि सातव्या जागी वाळवीने भोक पाडले आहे. दुसरी प्रत उपलब्ध नाही. तो आकडा परत मिळवता येईल का?

भारतीय ज्योतिर्गणिताच्या इतिहासात हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सुमारे हजार वर्षे विचारला गेला. कधी आकडा पुसला गेला, कधी तो दोन ओळींच्या मध्ये पडला, तर कधी त्याचा अपूर्णांक छाटला गेला. प्रत्येक वेळी त्यावर निराळा उपाय निघाला. या धाग्यात त्या उपायांची कहाणी आहे.

२/
सुरुवात इ.स. ४९९ मध्ये होते. वयाच्या तेविसाव्या वर्षी आर्यभटाने ‘आर्यभटीय’ रचले. ग्रहांची स्थिती काढण्यासाठी त्याला ‘ज्या’ हवी होती.

वर्तुळाचा कंस धनुष्यासारखा मानला, तर त्याची दोरी म्हणजे ज्या. गणितात प्रत्यक्ष वापरली जाते ती अर्धी दोरी, म्हणजे ज्यार्ध. पण व्यवहारात तिलाही ज्याच म्हणू लागले. आज शाळेत शिकवली जाणारी साइन हीच आहे. फरक एवढाच की आज त्रिज्या १ धरतात, आर्यभटाने ती ३४३८ धरली.

३/
३४३८ हीच संख्या का? वर्तुळाच्या परिघात ३६० अंश, म्हणजे २१,६०० कला असतात. परीघ २१,६०० कला असेल तर त्रिज्या जवळजवळ ३४३८ कला येते. कंस आणि ज्या या दोन्हींचे माप एकाच एककात बसते. लहान कंसासाठी कंस आणि ज्या जवळपास समान येतात, ही सोय त्यातून मिळते.

आर्यभटाने ९० अंशांचे चोवीस समान भाग केले. प्रत्येक भाग ३ अंश ४५ कलांचा, म्हणजे २२५ कलांचा झाला.

४/
मात्र श्लोकात त्याने ज्या सांगितल्या नाहीत. एका ज्येतून पुढच्या ज्येपर्यंत किती वाढ होते, तेवढेच सांगितले. ते चोवीस फरक असे :

२२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९,
१९१, १८३, १७४, १६४, १५४, १४३, १३१, ११९,
१०६, ९३, ७९, ६५, ५१, ३७, २२, ७.

फरक लहान असतात आणि कमी अक्षरांत मावतात. आर्यभटाच्या अक्षरपद्धतीत ‘म’ म्हणजे २५, ‘ख’ म्हणजे २ आणि ‘इ’ हा स्वर लागला की शंभरपट. म्हणून ‘मखि’ म्हणजे २२५. अख्खे कोष्टक एका श्लोकात बसले. ते पाठ करता येई, खिशात किंवा पोथीत बाळगण्याची गरज नव्हती.

५/
या सोयीची किंमतही होती. ज्या हव्या असतील तर फरकांची बेरीज करीत जावे लागते : २२५, मग ४४९, मग ६७१, मग ८९०. श्लोकातील एक अक्षर जरी चुकले किंवा पुसले गेले, तरी त्यापुढची प्रत्येक ज्या चुकते. पाठांतरातली एक चूक उरलेल्या सर्व ओळींत पसरते.

असे नाजूक कोष्टक शतकानुशतके टिकले कसे? त्याचे उत्तर कोष्टकाच्या रचनेतच आहे.

६/
आता वाळवीने खाल्लेल्या सातव्या आकड्याकडे वळू.

पहिला साक्षीदार म्हणजे बेरीज. शेवटची, म्हणजे ९० अंशांची ज्या ही त्रिज्येएवढीच असते. म्हणून सर्व फरकांची बेरीज ३४३८ यायलाच हवी. सातवा आकडा सोडून उरलेल्या तेवीस आकड्यांची बेरीज ३२३३ येते. ३४३८ मधून ३२३३ वजा केले की २०५ उरतात. आकडा सापडला.

७/
दुसरा साक्षीदार म्हणजे भूमिती. ३० अंशांची ज्या त्रिज्येच्या बरोबर निम्मी असते. ३० अंश ही कोष्टकातली आठवी जागा. म्हणजे पहिल्या आठ फरकांची बेरीज १७१९ आली पाहिजे. सातवा सोडून पहिल्या आठांतील उरलेले सात आकडे मिळवले तर १५१४ येतात. १७१९ उणे १५१४ म्हणजे पुन्हा २०५.

४५ अंशांवरही असाच एक खुंट रोवलेला आहे. तिथल्या ज्येचा वर्ग त्रिज्येच्या वर्गाच्या निम्मा असतो, म्हणून बारावी ज्या २४३१ असायला हवी. आणि पहिल्या बारा फरकांची बेरीज तेवढीच येते. या खुंटांमुळे कोष्टकाचे तीन तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यातून एकेक, असे तीन आकडे एकाच वेळी हरवले तरी ते परत मिळतात.

८/
पण एकाच तुकड्यातले दोन आकडे गेले तर? मग बेरजेवरून त्या दोघांची फक्त बेरीज कळते, त्यांची वाटणी कळत नाही. इथे तिसरा साक्षीदार लागतो, तो म्हणजे नियम.

आर्यभटाने ‘गणितपादा’त असा एक नियम दिला आहे. टीकाकारांनी लावलेल्या एका अर्थानुसार तो असा : आतापर्यंतच्या ज्येला पहिल्या ज्येने, म्हणजे २२५ ने भागावे आणि येणारा भागाकार आधीच्या फरकातून वजा करावा, पुढचा फरक मिळतो. ‘सूर्यसिद्धान्ता’तही ज्या काढण्याची हीच रीत आहे.

९/
पडताळून पाहणे सोपे आहे.

पहिली ज्या २२५. २२५ ला २२५ ने भागले की १. म्हणून दुसरा फरक २२४.
दुसरी ज्या ४४९. भागाकार जवळजवळ २. म्हणून तिसरा फरक २२२.
तिसरी ज्या ६७१. भागाकार जवळजवळ ३. म्हणून चौथा फरक २१९.
चौथी ज्या ८९०. भागाकार जवळजवळ ४. म्हणून पाचवा फरक २१५.

म्हणजे फरकांचे फरक स्वैर नाहीत. ते ज्येच्याच प्रमाणात वाढत जातात. आधुनिक भाषेत, साइनचा दुसरा फरक साइनच्याच प्रमाणात असतो. आर्यभटाने दिलेली खरी किल्ली ही आहे.

१०/
आता हाच नियम सातव्या जागी लावावा. सहावी ज्या १३१५. तिला २२५ ने भागले की सुमारे ५.८४ येतात. २१० मधून वजा केले की २०४.१६ उरतात. म्हणजे नियम सांगतो २०४, आणि बेरीज व भूमिती सांगतात २०५.

साक्षीदारांमध्ये एकाचा फरक पडला. कोणावर विश्वास ठेवावा?

नियमात प्रत्येक पायरीला अपूर्णांक सोडले जातात, आणि भाजकही ढोबळ आहे. काटेकोर हिशेबात तो २२५ ऐवजी सुमारे २३३.५ असायला हवा. बेरजेचे तसे नाही : ती त्रिज्येशी आणि ३० अंशांच्या ज्येशी बांधलेली आहे. आजच्या साधनांनी हा फरक मोजला तर तो सुमारे २०४.९ येतो. बेरजेची साक्ष खरी ठरते.

या विसंगतीतून आणखी एक गोष्ट कळते. आर्यभटाचे कोष्टक केवळ या नियमाचे यांत्रिक फलित नाही. त्यामागे त्रिकोण आणि चौकोनांची भूमितीही आहे, आणि तिचा उल्लेख तो नियमाच्या आधीच्याच श्लोकात करतो.

११/
पुसलेला आकडा मिळाला. आता दुसऱ्या प्रकारचा हरवलेला आकडा : जो कोष्टकात कधी लिहिलाच गेला नाही.

आकाशातले ग्रह ३ अंश ४५ कलांच्या पायऱ्यांवर थांबत नाहीत. गणकाला लागणारा कोन बहुधा दोन ओळींच्या मध्येच पडतो. नेहमीचा उपाय म्हणजे त्रैराशिक : निम्मे अंतर गेले असेल तर फरकाचा निम्मा भाग मिळवायचा. यात दोन ओळींमधली वाट सरळ आहे असे गृहीत धरलेले असते. ज्येची वाट मात्र वाकडी असते.

१२/
हे वाकण किती महाग पडते, ते भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताच्या कोष्टकात स्पष्ट दिसते. इ.स. ६६५ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्याने ‘खण्डखाद्यक’ हा करणग्रंथ लिहिला. करणग्रंथ म्हणजे रोजच्या हिशेबासाठीचे आटोपशीर पुस्तक. त्यात त्रिज्या १५० आणि फरक फक्त सहा, दर १५ अंशांना एक :

३९, ३६, ३१, २४, १५, ५.

यांची बेरीज १५० येते. लक्षात ठेवायला आर्यभटाच्या कोष्टकाहून चौपट सोपे. पण दोन ओळींमधली दरीही चौपट रुंद.

१३/
५२ अंश ३० कलांची ज्या काढायची आहे असे धरू. ४५ अंशांची ज्या ३९ + ३६ + ३१ = १०६. पुढचा फरक २४. कोन पुढच्या टप्प्याच्या बरोबर मध्यावर आहे. त्रैराशिकाने १०६ + १२ = ११८.

हे उत्तर तपासण्याचे साधन आर्यभटाकडेच आहे. ५२ अंश ३० कला ही त्याच्या कोष्टकातली चौदावी जागा आणि तिथली ज्या २७२८. ती १५० त्रिज्येच्या मापात आणली की ११९.०२ येते. म्हणजे त्रैराशिक जवळजवळ पूर्ण एक एकक कमी पडले.

१४/
एका एककाने काय बिघडते? तिथी बिघडते.

चंद्राची मध्यम आणि स्पष्ट स्थिती यांत जास्तीत जास्त सुमारे पाच अंशांचे, म्हणजे ३०० कलांचे अंतर पडते, आणि ते ज्येच्या प्रमाणात काढले जाते. १५० मध्ये १ ची चूक म्हणजे ३०० कलांमध्ये २ कलांची चूक. चंद्र सूर्यापासून दिवसाला सरासरी सुमारे १२ अंश पुढे सरकतो. त्या गतीने एका कलेला सुमारे दोन मिनिटे लागतात. म्हणजे केवळ या एका आकड्यामुळे तिथी संपण्याची वेळ चार मिनिटांनी हलू शकते.

तिथी सूर्योदयाच्या आसपास संपत असेल तर व्रत आज की उद्या, हे तेवढ्यावर ठरते.

१५/
ब्रह्मगुप्ताने यावर काढलेला तोडगा गणिताच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जातो. त्याने पुढच्या फरकाबरोबर मागच्या फरकाकडेही पाहिले.

मागचा फरक (गतखंड) ३१, पुढचा फरक (भोग्यखंड) २४.
दोघांच्या बेरजेचा निम्मा : २७.५.
दोघांच्या वजाबाकीचा निम्मा : ३.५.
कोन टप्प्याच्या मध्यावर आहे, म्हणून ३.५ चा निम्मा : १.७५.
२७.५ − १.७५ = २५.७५. हा ‘स्फुट’ म्हणजे शुद्ध केलेला भोग्यखंड.
त्याचा निम्मा १२.८७५ घेऊन १०६ मध्ये मिळवला की ११८.८७५.

एका एककाची चूक सुमारे एक अष्टमांशावर आली. तिथीच्या भाषेत, चार मिनिटांची चूक अर्ध्या मिनिटावर आली. सहा आकड्यांच्या कोष्टकाने चोवीस आकड्यांच्या कोष्टकाजवळ जाणारे उत्तर दिले.

१६/
युरोपात हीच द्वितीय श्रेणीची अंतर्वेशनाची रीत पुढे न्यूटन आणि स्टर्लिंग यांच्या नावाने ओळखली गेली. ब्रह्मगुप्त त्यांच्या सुमारे हजार वर्षे आधीचा. या तुलनेत ‘आमचे आधी’ एवढेच पाहिले तर मुख्य मुद्दा निसटतो. प्रश्न असा की ब्रह्मगुप्ताची रीत चालते का?

त्याचे कारण पाचशे वर्षांनी भास्कराचार्यांनी लिहून ठेवले.

१७/
भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ इ.स. ११५० चा. त्यातही दर १० अंशांचे, १२० त्रिज्येचे एक आटोपशीर कोष्टक आहे : २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २. मधल्या आकड्यांसाठी ब्रह्मगुप्ताचीच रीत दिली आहे.

आपल्या गद्य वासनाभाष्यात ते कारण सांगतात. दोन खंड जिथे भेटतात त्या सांध्यावर वाढीचा वेग मागच्या किंवा पुढच्या खंडाएवढा नसतो. तो दोघांच्या मधला असतो. पुढच्या खंडाच्या अखेरीस तो त्या खंडाएवढा होतो. मधल्या जागेसाठी या दोन टोकांमध्ये त्रैराशिक करावे.

म्हणजे त्रैराशिक सोडलेले नाही. ते ज्येवर न लावता तिच्या वाढीवर लावले आहे.

१८/
हे ज्ञान ग्रंथात पडून राहिले नाही. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे इ.स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याची नोंद या लेखात आहे.

हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. ‘आर्यभटीया’च्या हस्तलिखितांचा शोध घेऊन आर्यभटाचा काळ आणि ग्रंथ यांविषयी १८६५ मध्ये निबंध प्रसिद्ध करणारेही तेच. व्यवसायाने ते डॉक्टर होते.

१९/
तिसऱ्या प्रकारचा हरवलेला आकडा म्हणजे छाटलेला अपूर्णांक. आर्यभटाची पहिली ज्या २२५ कला. केरळातील संगमग्रामच्या माधवाने, चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या सुमारास, तीच ज्या २२४ कला, ५० विकला आणि त्याहूनही सूक्ष्म २२ भाग अशी दिली. विकलेचेही साठ भाग करून. शेवटची ज्या, म्हणजे त्रिज्या, ३४३८ ऐवजी ३४३७ कला, ४४ विकला, ४८ सूक्ष्म भाग.

आधुनिक किमतींशी हे आकडे विकलेच्या अंशापर्यंत जुळतात. सहाव्या पायरीनंतर नियम आणि बेरीज यांत जो एकाचा झगडा दिसला, त्याचे मूळ अशाच छाटलेल्या शेपटांत होते.

२०/
आणि मग कोकणातून चौथे उत्तर आले : कोष्टकच नको.

नांदगावचे गणेश दैवज्ञ हे ज्योतिषी केशव यांचे पुत्र. नांदगाव म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले, मुरूड-जंजिऱ्याजवळचे गाव. शके १४४२, म्हणजे इ.स. १५२० हे वर्ष आरंभ धरून त्यांनी ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ रचला. त्याचे वैशिष्ट्य असे की ज्या आणि चाप यांची आकडेमोड त्यातून काढूनच टाकली आहे. जागोजागी गुणाकार-भागाकाराची अशी सूत्रे बसवली आहेत की ज्येची ओळ शोधण्याची वेळच येत नाही.

२१/
या वाटेची सुरुवात जुनी होती. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीया’त कोष्टकाविना ज्या काढण्याचे सूत्र दिले आहे. कोन १८० मधून वजा करावा, उरलेल्याला त्याच कोनाने गुणावे. या गुणाकाराची चौपट अंशस्थानी. ४०,५०० मधून तोच गुणाकार वजा करून उरेल ते छेदस्थानी. आणि या अपूर्णांकाला त्रिज्येने गुणावे.

५२.५ अंशांसाठी करून पाहावे. ५२.५ × १२७.५ = ६६९३.७५. चौपट २६,७७५. छेद ३३,८०६.२५. भागाकार सुमारे ०.७९२. त्रिज्या १५० असेल तर ज्या ११८.८.

एकही आकडा पाठ न करता, त्रैराशिकाच्या ११८ पेक्षा कितीतरी जवळचे उत्तर. जिथे कोष्टक नाही तिथे वाळवी खाणार काय?

२२/
तरी याचीही किंमत होती. सूत्र चुकीचे उतरवले गेले तर ते पकडायला शेजारचे आकडे नसतात, बेरीज नसते, ३० अंशांचा खुंट नसतो. कोष्टकातली चूक शेजारी उघडी पाडतात. एकट्या सूत्रातली चूक तशी पकडता येत नाही. ती उत्तर आकाशाशी न जुळल्यावरच कळते.

‘ग्रहलाघवा’वर महाराष्ट्रातली पंचांगे पुढे शतकानुशतके चालली. काळ जसा लोटला तशी गणित आणि आकाश यांतली तफावत साठत गेली. ही तफावत एखाद्या हरवलेल्या आकड्याची नव्हती, जुन्या झालेल्या मानांची होती.

२३/
तेव्हा महाराष्ट्र पुन्हा कोष्टकांकडे वळला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे मराठीत ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक १८६० मध्ये प्रसिद्ध केले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या ग्रंथात आर्यभटापासून गणेश दैवज्ञांपर्यंतच्या आणि त्यापुढच्याही परंपरेची ग्रंथवार छाननी केली. ती छाननी करताना त्यांचे साधन तेच होते : ग्रंथातला आकडा घ्यायचा, त्यावरून गणित करून पाहायचे, आणि काय जुळते नि काय जुळत नाही ते नोंदवायचे.

२४/
इतिहासाच्या अभ्यासकाला जुन्या कागदांत रिकामी जागा नेहमीच भेटते. ती भरण्याचा मोह मोठा असतो. ज्या-कोष्टकाच्या कहाणीतून त्यासाठी एक कसोटी मिळते : शेजारचे आकडे, त्यांची बेरीज आणि त्यांना बांधणारा नियम हे तीन साक्षीदार एकमेकांवर अवलंबून न राहता बोलले पाहिजेत. ते जुळले तर जागा भरावी.

आणि सातव्या जागेसारखा एकाचा फरक पडला, तर तो खोडून न टाकता लिहून ठेवावा. आर्यभटाने कोष्टक कसे तयार केले असेल, याचा माग त्या एकाच्या फरकातूनच लागतो.

#इतिहास #गणिताचा_इतिहास #मराठी